आकडी येणाऱ्या मेंदूचं इंधन

पेट स्कॅन विभागातली एक छोटी खोली. दिवे मंद केलेले, दार लोटून घेतलेलं. तीन वर्षांचं मूल आईच्या मांडीवर आहे. पहाटेपासून त्याच्या पोटात काही नाही. डोक्याला ईईजीच्या वायरी चिकटवलेल्या आहेत आणि मनगटाजवळच्या सुईतून नुकतंच एक रंगहीन औषध आत गेलंय. आता अर्धा तास ना गाणं, ना मोबाइलवरचं कार्टून, ना खुळखुळा. आईनंही बोलायचं नाही, पाठीवरून नुसता हात फिरवत राहायचं. तंत्रज्ञ ईईजीच्या रेषांवर नजर ठेवून आहे. या अर्ध्या तासात मेंदूचा जो भाग जास्त काम करेल तो जास्त साखर ओढेल, आणि नंतरच्या चित्रात नेमकं तेच उमटेल. मूल टक लावून काही बघत बसलं तर दृष्टीचा भाग उजळेल. आकडी आली तर सगळ्या चित्राचा अर्थच पालटेल. यंत्रात स्थिर झोपावं म्हणून मुलाला गुंगीचं औषध बहुतेक वेळा लागतंच, पण तेही शक्यतो या अर्ध्या तासानंतर देतात, कारण गुंगीत मेंदूची साखरेची भूक मंदावते.

घरी या आजाराला आकडी म्हणतात, फेफरं म्हणतात, नुसतं ‘फिट येते’ म्हणतात. पुस्तकी नाव अपस्मार. आपण तो विजेचा आजार म्हणून ओळखतो: मेंदूतल्या पेशी एकदम, एका लयीत पेटतात आणि शरीर झटके देतं. पण विजेमागे इंधन असतं. आकडी येणाऱ्या मुलाचा मेंदू ते कसं वापरतो, कुठे जास्त, कुठे कमी, आणि हे बाहेरून बघता येतं का, या प्रश्नावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं काम चाललंय. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की चित्रं पुष्कळ मिळाली, पण त्यांचा अर्थ लावणं दर वेळी वाटलं त्याहून अवघड निघालं. अर्थ बरोबर लागला तिथे मात्र काही मुलांचं आयुष्य खरोखर बदललं.

आधी भुकेबद्दल. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऊर्जेतला त्याचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास. मुलांचं गणित याहून टोकाचं आहे. १९५७ मध्ये केनेडी आणि सोकोलॉफ यांनी लहान मुलांच्या मेंदूचा प्राणवायूचा खप मोजला, तेव्हा शरीराच्या एकूण खपातला जवळजवळ निम्मा एकट्या मेंदूचा निघाला. २०१४ मध्ये ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी जुनी पेट आणि एमआरआयची मापं एकत्र करून दाखवलं की पाचव्या वर्षाच्या सुमाराला ही भूक शिखरावर असते. शरीर विश्रांतीत असताना जेवढी ऊर्जा लागते, तिच्या ६६ टक्क्यांइतकी साखर तेव्हा मेंदू खातो. बालवाडीतल्या मुलाचं शरीर त्या वयात सावकाश वाढतं, यामागे हाच हिशेब असावा असं त्यांचं म्हणणं आहे. ही ऊर्जा मुख्यतः निरोपांवर जाते. एका पेशीनं दुसरीला निरोप दिला की आत आलेला सोडियम बाहेर आणि बाहेर गेलेलं पोटॅशियम आत घ्यावं लागतं, आणि या उपशाला इंधन लागतं. आकडीत लाखो पेशी एकाच वेळी निरोप देत सुटतात. सुरुवातीला रक्तपुरवठा वाढून मागणी पुरी होते. आकडी लांबली की पुरवठा मागे पडू लागतो. १९७० च्या दशकात ब्रायन मेल्ड्रम यांनी बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांत याहून धक्कादायक गोष्ट दिसली: स्नायू शिथिल करून आणि कृत्रिम श्वास चालू ठेवूनही लांबलेल्या आकडीत मेंदूच्या पेशी मरतात. म्हणजे पेशींचा अतिरेकी मारा हाच घातक असतो. पाच मिनिटांवर आकडी गेली की नाकात मिडाझोलामचा फवारा मारा, असं डॉक्टर आईबापांना बजावतात, त्यामागे अशा प्रयोगांचं ज्ञान आहे.

आता त्या रंगहीन औषधाकडे वळू. एफडीजी हे साखरेचं हुबेहूब सोंग आहे. ग्लुकोजच्या रेणूतला एक ऑक्सिजनयुक्त गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. साखर कारखाना पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. उसाची गाडी फाटकातून आत येते, काट्यावर तिचं वजन होतं, पण ऊस गव्हाणीत पडतच नाही, गाडी आवारात उभी राहते. आवारात किती गाड्या साचल्या ते मोजलं की कारखान्याला त्या वेळी किती भूक होती ते कळतं. एफडीजीही पेशीत शिरतो, पहिली रासायनिक पायरी चढतो आणि तिथेच अडकतो. फ्लोरिन-१८ ची मात्रा सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून सगळी घाई. १९७६ च्या ऑगस्टमध्ये माणसाच्या मेंदूचं एफडीजीचं पहिलं चित्र फिलाडेल्फियात घेतलं गेलं, तेव्हा औषध ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत तयार करून विमानानं आणावं लागलं होतं.

अपस्मारात हे तंत्र वापरणाऱ्यांत लॉस एंजेलिसचे डेव्हिड कुल आणि जेरोम एंगल आघाडीवर होते. १९८० मध्ये त्यांनी जे छापलं ते अपेक्षेच्या उलट होतं. जिथून आकडी उठते तो भाग तापलेला, उजळ दिसेल असं वाटण्याजोगं होतं. आकडी चालू असताना तो उजळ दिसलाही. पण दोन आकड्यांच्या मधल्या काळात, म्हणजे रुग्ण चांगला बसलाय, बोलतोय अशा वेळी, तोच भाग काळपट होता. तो भोवतालच्या भागापेक्षा कमी साखर खात होता. हा काळा डाग पुढे अपस्माराच्या शस्त्रक्रियेतली मोठी खूण ठरला.

मुलांच्या बाबतीत हे काम पुढे नेलं ते हॅरी चुगानी यांनी, आधी लॉस एंजेलिसमध्ये आणि मग डेट्रॉइटमध्ये. १९८७ मध्ये त्यांनी आणि मायकेल फेल्प्स यांनी मेंदूच्या वाढीचा जणू साखरेचा नकाशाच मांडला. नवजात बाळात उजळ असतात ते हालचाल आणि स्पर्शाचे भाग, थॅलॅमस, मेंदूचा देठ. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोक्यामागचा दृष्टीचा भाग जागा होतो, आणि याच सुमारास बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून ओळखीचं हसायला लागतं. कपाळामागचा भाग उजळतो तो सहा ते आठ महिन्यांच्या पुढे. साधारण दुसऱ्या वर्षी प्रौढाइतकी पातळी येते, तीन-चार वर्षांचं होईपर्यंत ती ओलांडली जाते आणि काही भागांत प्रौढाच्या दुपटीजवळ पोचते. नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत ती तशीच उंच राहते आणि मग पौगंडावस्थेत हळूहळू उतरते. पेशींमधल्या जोडण्या आधी भरमसाट वाढतात आणि मग छाटल्या जातात, हे पीटर हटनलॉकर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखवलं होतंच. इथे तीच गोष्ट जिवंत मुलांत दिसली.

या नकाशाचा एक कच्चा दुवा सांगायलाच हवा. निरोगी मुलाला किरणोत्सारी औषध टोचणं नैतिकदृष्ट्या शक्य नसतं. म्हणून ती २९ मुलं अशी निवडलेली होती की ज्यांना काहीतरी मेंदूचा त्रास एकदा होऊन गेला होता आणि पुढे ती ठीक निघाली. आज मुलांच्या पेट स्कॅनमध्ये ‘या वयाला साधारण’ असं म्हटलं जातं, ते अशाच आधारावर. पाच महिन्यांच्या बाळाचा कपाळामागचा भाग काळपट दिसला तर तो आजार नव्हे, ते त्याचं वय आहे. मोठ्यांची चित्रं वाचायची सवय असलेला डॉक्टर इथे चुकू शकतो.

चुगानींचं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. १८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं होतं, स्वतःच्या तान्ह्या मुलाबद्दल. बाळ पुन्हा पुन्हा मान खाली टाकतं, पुढे झुकतं, जणू सलाम करतं, आणि त्याची शिकलेली वाढ मागे जाते. पुढे या विकाराला वेस्टचंच नाव पडलं. आपल्याकडेही आई सांगते, ‘झोपेतून उठला की दचकल्यासारखे हात फेकतो, मान टाकतो, असं लागोपाठ वीस-पंचवीस वेळा.’ पुष्कळदा आधी पोटदुखी समजून ग्राइप वॉटर पाजलं जातं आणि आठवडे निघून जातात. यातल्या बऱ्याच बाळांच्या सीटी आणि एमआरआयमध्ये काहीच सापडत नसे. सगळा मेंदूच बिघडलाय, काही करता येणार नाही, असा समज होता. १९९० मध्ये चुगानी आणि सहकाऱ्यांनी अशा काही बाळांचं पेट स्कॅन केलं, आणि त्यांतल्या काहींत मेंदूच्या एका बाजूला, मागच्या भागात, स्पष्ट काळा डाग निघाला. ईईजीचा केंद्रबिंदूही तिथेच होता. तो भाग शस्त्रक्रियेनं काढला तेव्हा झटके थांबले. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींचे थर विस्कटलेले होते, एमआरआयला न दिसण्याइतके बारीक. ‘कारण अज्ञात’ या खान्यातून ती बाळं ‘कारण सापडलं, काढता आलं’ या खान्यात आली. मात्र ही वाट सगळ्यांना खुली नाही. डाग दोन्ही बाजूंना असतील तर शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि दोन्ही कानशिलांमागे डाग असलेल्या मुलांची पुढची वाढ आणि बोलणं फार अवघड राहतं, हेही याच गटानं नोंदवलं.

मग हा काळा डाग आहे तरी काय? आईबापांना फिल्म दाखवली की पहिला प्रश्न येतो: ‘एवढा भाग मेला का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. डाग साधारणपणे प्रत्यक्ष बिघडलेल्या भागापेक्षा बराच मोठा असतो. पेशी कमी आहेत एवढंच कारण असतं तर तो तेवढाच असता. आकडीच्या केंद्राशी जोडलेले दूरचे भागही दबून जातात, आणि आकडी आटोक्यात आली की डाग फिका पडल्याची उदाहरणं आहेत. विल्यम गेलार्ड यांच्या गटानं नुकताच अपस्मार सुरू झालेल्या मुलांचं स्कॅन केलं तेव्हा डाग असलेली मुलं थोडीच निघाली. वर्षानुवर्षं आकड्या सोसलेल्या मोठ्यांत तो सर्रास दिसतो. म्हणजे काही मुलांत ऊर्जेची ही मंदी आकड्यांमुळे हळूहळू येत असावी, आकड्यांच्या आधीपासून नसावी. पण ज्यांच्या मेंदूचा तुकडा जन्मापासूनच चुकीचा घडलाय, त्यांच्यात ती आधीपासून असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, वेगवेगळ्या मुलांत.

ब्रसेल्सच्या झेव्हिए द तिएज आणि पॅट्रिक व्हॅन बोगार्ट यांच्या अभ्यासानं या कोड्याला नवी बाजू दिली. काही मुलांना दिवसा आकड्या फार नसतात, पण झोप लागली की ईईजीत अपस्माराच्या लहरी अखंड चालू होतात. शाळेत चांगलं बोलणारं मूल काही महिन्यांत शब्द विसरायला लागतं, हट्टी होतं, वहीतलं अक्षर बिघडतं. या मुलांच्या पेट स्कॅनमध्ये लहरींचा केंद्रभाग जास्त साखर खाताना दिसला. त्यापासून दूर, कपाळामागे आणि मध्यरेषेजवळ, जे भाग आपण स्वस्थ बसलेलो असताना चालू असतात, ते मात्र मंदावलेले होते. रात्रीच्या लहरी उपचारानं थांबल्या तेव्हा दूरचे मंद भाग पुन्हा सावरले. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सर्वांत बोलकं काम आहे, कारण इथे चित्र फक्त ‘कुठे’ एवढंच सांगत नाही. एका कोपऱ्यातला गोंधळ अख्ख्या घराची झोप कशी मोडतो तेही दाखवतं.

साखर किती आत गेली हे पेट सांगतं. पुढे तिचं काय झालं ते सांगत नाही. त्यासाठी एमआरआयच्याच यंत्रावर एक वेगळी चाचणी करतात, स्पेक्ट्रोस्कोपी. तिच्यात किरणोत्सार नाही, सुई नाही. पडद्यावर मेंदूचं चित्र न येता शिखरांची एक रांग येते, आणि प्रत्येक शिखर एका रसायनाचं. एनएएचं उंच शिखर पेशींच्या तब्येतीचं, त्याच्या डावीकडे क्रिएटिन आणि कोलीन ही जुळी शिखरं. जिथे सपाट असायला हवं तिथे दुभंगलेलं लॅक्टेटचं शिखर उठलं तर तिथे इंधन नीट जळत नाहीय, पेशींच्या भट्ट्या म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडल्या असाव्यात, अशी शंका येते. ही शंका वेळेवर येणं फार महत्त्वाचं, कारण काही मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत, विशेषतः पीओएलजी जनुकाच्या दोषात, अपस्मारावरचं नेहमीचं व्हॅल्प्रोएट यकृत निकामी करू शकतं. फॉस्फरसच्या स्पेक्ट्रोस्कोपीत तर एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे ऊर्जेची हातातली रोकड आणि बँकेतली शिल्लक, थेट दिसतात. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डोनाल्ड यंगकिन आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांत आकडी चालू असताना ही शिल्लक घसरताना पाहिली.

या चाचणीची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. १९९४, जर्मनीतलं ग्योटिंगेन. जेमतेम दोन वर्षांचा एक मुलगा, वाढ खुंटलेली, हालचाली विचित्र. स्पेक्ट्रोस्कोपीत एनएएचं शिखर होतं, कोलीनचं होतं, आणि मधली जागा रिकामी होती. क्रिएटिनचं शिखरच नव्हतं. सिल्व्हिया श्टोकलर आणि सहकाऱ्यांनी त्याला तोंडावाटे क्रिएटिन दिलं, जिममधल्या पोरांना डब्यात मिळतं तेच. काही महिन्यांत शिखर हळूहळू वर आलं आणि मुलगाही सुधारला. शरीरात क्रिएटिन तयारच न होण्याचा हा दोष पुढे नावानिशी नोंदला गेला, आणि त्यातल्या बहुतेक मुलांना आकड्याही येतात. इतर असंख्य चाचण्यांत जे सापडलं नसतं ते एका नसलेल्या रेषेनं दाखवलं.

असाच दुसरा दोष साखरेच्या दाराचा. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरिल डी व्हिवो यांनी दोन बाळांबद्दल लिहिलं. रक्तातली साखर ठीक, पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ती फारच कमी. रक्तातून मेंदूत साखर नेणारं ग्लुट-१ हे दारच अर्धवट उघडत होतं. अशा मुलांच्या पेटमध्ये मेंदूचा वरचा थर आणि थॅलॅमस मंद दिसतात, खोलवरचे बेसल गँग्लिया त्या मानानं उजळ राहतात. पण निदान बऱ्याचदा आईच्या बोलण्यातच दडलेलं असतं: ‘सकाळी उपाशीपोटी जास्त त्रास, खाल्लं की बरं वाटतं.’ यावर उपाय दुसऱ्या दारानं इंधन पाठवणं. चरबीतून तयार होणारे कीटोन वेगळ्या वाटेनं मेंदूत जातात. म्हणून १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलेला कीटोजेनिक आहार या मुलांचा मुख्य उपचार ठरला.

इतर हट्टी अपस्मारातही तो चालतो. २००८ मध्ये लंडनमध्ये १४५ मुलांवर झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याहून कमी झाल्या. आहार नसलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. तो नेमका का चालतो, याचं एक उत्तर स्पेक्ट्रोस्कोपीतून डोकावतं. १९९९ मध्ये जुली पॅन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांत आहाराआधी आणि नंतर मोजणी केली तेव्हा फॉस्फोक्रिएटिनची शिल्लक वाढलेली निघाली. सात ही संख्या फारच लहान आहे, पण दिशा मोलाची. घरात मात्र हे सगळं ओट्यावरच्या छोट्या वजनकाट्यावर येऊन ठेपतं: तूप, लोणी, खोबरेल, पनीर, अंडं हे सगळं ग्रॅममध्ये. पोळी-भात जवळजवळ बंद. वाढदिवसाचा केक नाही, देवळातला पेढा नाही, आणि तापाचं गोड सिरपही बघूनच. आजीनं लपवून दिलेलं एक बिस्किट महिन्याची मेहनत घालवू शकतं.

चित्रांच्या मर्यादाही मनात ठेवायला हव्यात. फेनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधं स्वतःच मेंदूचा साखरेचा खप कमी करतात, त्यामुळे आजार किती आणि औषध किती हे वेगळं काढणं कठीण. किरणोत्सार नको म्हणून आता एमआरआयवरच, रक्तालाच चुंबकानं खूण करून रक्तप्रवाह मोजतात. ही चांगली सोय आहे, वारंवार करता येते. पण रक्तप्रवाह म्हणजे ऊर्जा नव्हे. अपस्मारी भागात दोन्हींचा मेळ सुटतो हे १९९५ मध्येच दिसलं होतं, आणि ते विसरून ही चाचणी पेटच्या जागी बसवली जाते तेव्हा मला काळजी वाटते. अख्खं शरीर एका वेळी टिपणारी नवी पेट यंत्रं कमी मात्रेत काम भागवतात. येल विद्यापीठात २०१८ मध्ये ड्यूटेरियम घातलेलं ग्लुकोज पाजून, किरणोत्साराशिवाय, मेंदूत साखरेचं पुढे काय होतं ते दिसू लागलं. मुलांच्या रोजच्या तपासणीत ते यायला वेळ आहे.

आपल्याकडे वैद्यकीय वापराचा देशातला पहिला सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आता मोठ्या शहरांत पेट मिळतं, बहुतांशी कर्करोगासाठी. पण मुलांच्या अपस्मारातल्या ऊर्जेचा आपला सगळ्यात मोठा प्रश्न त्या यंत्रापर्यंत पोचण्याच्या किती तरी आधी घडून गेलेला असतो. २००९ मध्ये मुंबईच्या व्रजेश उदाणी आणि सहकाऱ्यांनी ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये दाखवलं की बाळपणी सुरू होणाऱ्या, जुन्या इजेमुळे येणाऱ्या अपस्मारामागे, जन्मानंतरच्या दिवसांत रक्तातली साखर घसरल्यानं झालेली मेंदूची इजा हे एक फार मोठं कारण आहे. कमी वजनाचं बाळ, दूध नीट ओढत नाही, सुस्त पडून राहतं, आणि घरातले म्हणतात, ‘किती शांत आहे.’ तळपायातून घेतलेला रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ठेवला असता तर तेव्हाच कळलं असतं. पाच-सहा महिन्यांनी सलाम सुरू होतात. एमआरआय काढला की डोक्यामागचे दोन्ही भाग, दृष्टीचे, सुकलेले दिसतात.

इथे चुगानींचा नकाशा पुन्हा समोर येतो. त्यानुसार नवजात बाळात दृष्टीचा भाग अजून फार साखर खात नसतो, त्याची भूक वाढते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. मग साखर तुटल्यावर पहिला मार नेमका त्यालाच का बसतो? जोडण्या उभारायच्या घाईत असलेल्या पेशी उपाशी राहिल्यानं, असं एक उत्तर दिलं जातं, पण ते पक्कं ठरलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात, साखर घसरलेल्या आणि सावरलेल्या बाळांची स्पेक्ट्रोस्कोपी करून, वर्षभर त्यांच्या मागे राहिलं तर ते कळू शकेल. त्यासाठी लागणारी बाळं मुंबई, पुणे, नागपूरच्या नवजात कक्षांत आजही काचेच्या पेटीत झोपलेली आहेत.